एकुवाच्या कापडाचा रंग

मी टीव्हीवेडा माणूस नाही, हे आधीच स्पष्ट केलेलं बरं. केप कोस्टच्या पाणीपुरवठा कचेरीत मी, कोबिना अम्पा, हेडक्लार्क होतो, चर्चमध्ये दुसऱ्या रांगेत बसत होतो, आणि टीव्ही घेतला तो निव्वळ बातम्यांसाठी. हे वाक्य मी अराबासमोर उच्चारत नाही. अराबा माझी बायको. ती दवाखान्यात नर्स होती, त्यामुळे कुणाचं कुठे दुखतं ते तिला हात न लावता कळतं. "बातम्यांसाठी?" ती विचारते. "मग बातम्या लागल्या की खुर्चीत घोरायचं कोण?"

असो. हा टीव्ही अंगणाकडच्या खिडकीत ठेवलेला असे. आमचं घर म्हणजे मधे अंगण, भोवती आठ खोल्या, सात भाडेकरू, आणि आठव्या खोलीत सगळ्यांची घरमालकीण मामे न्यानेबा. शनिवारी संध्याकाळी सात वाजता 'बंद खिडकी' ही मालिका लागायची. पावणेसातलाच ज्याने त्याने आपापलं स्टूल आणून जागा धरलेली असे. टीव्ही माझा, पण मीच मागे उभा राहून बघायचो, कारण टीव्हीच्या मालकाने पाहुण्यांना उठवलेलं बरं दिसत नाही. दिसण्याची पर्वा करणारा त्या अंगणात मी एकटाच होतो, हे नंतर लक्षात आलं.

पण काय मालिका होती हो! आता घरोघरी रंगीत टीव्ही, शंभर वाहिन्या, आणि एक धड नाही. 'बंद खिडकी'त वकील क्वेनू एका संध्याकाळी वर्तमानपत्र आणायला म्हणून घराबाहेर पडतो आणि परत येत नाही. बस, एवढंच. अकरा भाग झाले तरी परत येत नाही. मधे त्याचा एक बूट सापडतो, दुसरा सापडत नाही. फोन वाजतो, उचलला की पलीकडे कुणीतरी फक्त खोकतं. समोरच्या घराची कायम बंद असलेली खिडकी सहाव्या भागात अर्धी उघडते, आणि सातव्या भागात तिचं कुणी नावसुद्धा काढत नाही! आम्ही आख्खा आठवडा त्या अर्ध्या खिडकीवर काढला होता.

खरी मजा रविवारी. चर्चहून आलं की केंके म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, तळलेली मासळी आणि शितोची झणझणीत चटणी घेऊन अंगणात आमचं विचारमंडळ बसायचं. त्यात निवृत्त मास्तर इशुन असत. ते प्रत्येक भागाची टिपणं वहीत काढायचे आणि ज्याचा संशय येईल त्याच्या नावाखाली लाल शाईची रेघ मारायचे. अकराव्या भागापर्यंत वहीत रेघ नसलेलं माणूस उरलं नव्हतं. दुसऱ्या आंटी क्वान्सिमा. यांचं बाजारात कापडाचं दुकान, आणि आवाज असा की त्या कुजबुजल्या तरी रस्त्यावरचा माणूस वळून बघायचा. अध्यक्ष मी. मला कुणी निवडलं नव्हतं, पण टीव्ही कुणाचा होता?

मामे न्यानेबा मंडळात नव्हती. सत्तरीची बाई, आपल्या खोलीच्या उंबऱ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलायची आणि आमचं ऐकायची. तिचा नवरा, एग्या बुदू, बावीस वर्षांपूर्वी होडी घेऊन मासेमारीला पश्चिमेकडे गेला होता, आबिद्जानच्या अंगाला. आमचे कोळी तसे जातात आणि हंगाम संपला की परततात. बाकीच्या होड्या आल्या, त्याची आली नाही. कुणी म्हणालं बुडाला, कुणी म्हणालं तिकडे दुसरी करून राहिला. मामे काहीच म्हणाली नाही. बुदूच्या कुळातली माणसं दर ईस्टरला यायची आणि म्हणायची, अंत्यविधी उरकून घेऊ, त्याच्या आत्म्याला किती वर्षं ताटकळत ठेवणार? मामे त्यांना पाणी द्यायची, बसायला स्टूल द्यायची, आणि नाही म्हणायची. त्या वर्षी मात्र कुळाचे म्हातारे प्रमुख स्वतः काठी टेकत आले. महिनाअखेरपर्यंत होकार दे, म्हणाले, नाहीतर आम्ही तुझ्याशिवाय करू. बायकोला वगळून नवऱ्याचा अंत्यविधी! आमच्याकडे बाईचा याहून मोठा अपमान नाही.

हे सगळं त्याच आठवड्यात झालं आणि शनिवारी अकरावा भाग लागला. शेवटचा प्रसंग असा. वकिलाची बायको एकुवा पेटी उघडते. आतून एक गडद कापड काढते, नेसते, आरशात बघते. इतक्यात दारावर थाप पडते. एकुवा दाराशी जाते, कडीला हात घालते, आणि खाली नावं सुरू!

 मग आंटी क्वान्सिमा ओरडल्या, "काळं नेसली! संपलं! गेला वकील!"

"काळं कशावरून?" मास्तरांनी चष्मा पुसला.

"मला डोळे नाहीत का?"

"डोळे आहेत, आंटी. पण या टीव्हीत पोपटसुद्धा काळा दिसतो."

माझ्या टीव्हीबद्दल हे असं बोलणं मला लागलं, पण मुद्दा बिनतोड होता. आमच्यात दुःखाचं कापड काळं किंवा गडद लाल. एकुवा काळं नेसली असेल तर तिला नवऱ्याची बातमी कळली आहे. पण हिरवं किंवा निळं नेसली असेल तर दारात खुद्द वकील क्वेनू उभा आहे आणि ती त्याच्यासाठी नटली आहे. आंटींनी नक्षी एका नजरेत ओळखली होती. "कासवाची पाठ! गेल्या वर्षीचा माल. काळ्यात येतो, गर्द हिरव्यात येतो, शाईच्या निळ्यात येतो. तिन्ही मी विकलेत." म्हणजे सगळं माहीत होतं, फक्त रंग सोडून. वर टीव्ही केंद्राने जाहीर केलं की पुढचे सहा शनिवार फुटबॉल स्पर्धा, मालिका त्यानंतर.

रविवारी मंडळात नुसती खडाजंगी. आंटी काळ्याच्या, मास्तर हिरव्याचे, आणि अध्यक्ष या नात्याने मी निळ्याचा, कारण एक रंग उरला होता. आणि त्या गलक्यात उंबऱ्यावरून मामेचा आवाज आला, "तिच्या कापडाचा रंग कळला की मी कुळवाल्यांना उत्तर देईन."

आम्ही हसलो. मी तर मोठ्यानेच हसलो. अराबाने मला असं कोपरखळीने ढोसलं की केंके घशात अडकलं. तेव्हा कुठे मी मामेकडे नीट बघितलं. तिच्या मांडीवरच्या शेंगा तशाच होत्या, हात थांबले होते. ती थट्टा करत नव्हती.

मग मला काय झालं कोण जाणे. हसल्याची लाज वाटली असेल. मी उठून म्हणालो, "मामे, तुम्ही काळजी करू नका. रंगच ना? आठ दिवसांत शोधून आणतो."

"तू?" अराबा खोलीत आल्यावर म्हणाली. "आपल्या मोरीतला नळ तीन वर्षं गळतोय. आणि तू पाणी खात्यात आहेस."

 प्रत्येक गोष्टीला उत्तर द्यायचं नसतं.

गावात रंगीत टीव्ही एकच, किनाऱ्यावरच्या हॉटेलात. सोमवारी कचेरी सुटल्यावर मी टाय लावून तिथे गेलो. तिथल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "खोली हवी?" नको. "जेवण?" नको. "मग?" मी म्हणालो, फक्त एक प्रश्न. तो म्हणाला, प्रश्न गिऱ्हाइकांसाठी. म्हणून मी थंड पेय मागवलं, ते कोमट आलं, आणि ते घशाखाली उतरवून मग एकुवाचं विचारलं. तो एकदम खुलला. "बघितलं ना! हिरवं होतं, साहेब. हिरवंगार!"

मी आनंदाने त्याचा हात धरला. "नक्की?"

"शपथ घेतो. तिचा चेहरासुद्धा हिरवा होता." आतून स्वयंपाकी ओरडला, "बातम्या सांगणाराही हिरवाच असतो! महिना झाला, तो टीव्ही असाच आहे!" मी टाय सैल करून चालत घरी आलो.

मग मास्तर म्हणाले, केंद्राला रीतसर पत्र लिहू. मास्तरांचं रीतसर म्हणजे चार पानं. विषय: आपल्या मालिकेतील एका स्त्रीपात्राने परिधान केलेल्या वस्त्राच्या वर्णाबाबत. पहिल्या पानावर केंद्राचं अभिनंदन, दुसऱ्यावर मास्तरांची शैक्षणिक कारकीर्द, तिसऱ्यावर प्रकाशाच्या सात रंगांचं थोडक्यात विवेचन, आणि प्रश्न चौथ्या पानाच्या तळाशी. सही माझी. बारा दिवसांनी उत्तर आलं: 'आपल्या संचात रंग दिसत नसल्याची तक्रार मिळाली. तंत्रज्ञ पाठवत आहोत.'

मी तक्रार केली नव्हती! पण खरोखरच दोन तंत्रज्ञ आले. आजवर आमच्या घरी एकही सरकारी माणूस बोलावून आला नाही, आणि हे दोघे न बोलावता, वेळेच्या आधी आले. छपरावर चढले, माझा अँटेना उतरवला, पुसला, उलट्या दिशेला लावला, माझी सही घेतली आणि गेले. शनिवारी फुटबॉल बघायला पंचवीस माणसं स्टुलं घेऊन बसली आणि टीव्हीवर शेजारच्या देशातली एक बाई फ्रेंचमध्ये वांगी चिरू लागली. पूर्वार्ध संपला तरी ती वांगीच चिरत होती. शेवटी मास्तरांनी बांबूने अँटेना ढकलून सरळ केला, पण तोवर दोन गोल झाले होते. पुढचे चार दिवस अंगणात माझ्याशी फक्त मामे बोलली. तीही एवढंच, "कोबिना, महिना संपत आला रे."

त्या 'रे'ने मला झोप लागेना. ठरवलं, अक्राला, टीव्ही केंद्रावर, स्वतः जायचं. आंटी क्वान्सिमांनी 'कासवाची पाठ'चे काळे, हिरवे, निळे असे तीन तुकडे कापून दिले, म्हणजे चूक व्हायला नको. रजेच्या अर्जात मी 'कौटुंबिक अडचण' लिहिलं. साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कुटुंबात कोणाची?"

खोटं बोलायची सवय नाही. म्हणालो, "एकुवाची."

साहेब ताडकन उठले. "एकुवा? काय कळलं तिचं?" मग त्यांनी दार लोटून घेतलं, रजेवर सही केली आणि हळूच म्हणाले, "अम्पा, जातोच आहेस तर त्या दुसऱ्या बुटाचंही विचार."

केंद्राच्या फाटकावर भेटीचा फॉर्म होता. कोणास भेटायचे? मी बराच विचार करून लिहिलं, 'कापडास'. रखवालदाराने ते वाचलं, माझ्या हातातले तीन तुकडे बघितले आणि म्हणाला, "पडदेवाले मागच्या दाराने." मी समजावायला गेलो, तर त्याने मला दंडाला धरून मागच्या दाराशी पोचवलं. तिथे दोन सुतार, एक रंगारी आणि मी, असे दोन तास बाकावर बसलो. मग भांडारप्रमुखांनी मला आत बोलावलं, तुकडे बोटांत चुरगाळले आणि विचारलं, "हा हिरवा बरा आहे. धुतल्यावर रंग जातो का?"

"मी पाणीपुरवठ्यात हेडक्लार्क आहे," मी म्हणालो. आवाज थोडा चढलाच.

भांडारप्रमुखांनी मला बसायला खुर्ची दिली. "हेडक्लार्क असून पडदे विकावे लागतात," ते कळवळून म्हणाले. "काय दिवस आलेत, देवा!"

इतकी माझी शोभा झाल्यावर देवालाच दया आली असावी. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला कपडेपटाकडे धाडलं. कपडेपट बघणाऱ्या मॅडम साकी दातांत दोरा धरून एका राजाचा झगा शिवत होत्या. मी एकुवाचं कापड म्हणताच त्यांनी एका गाठोड्यातून ते काढून माझ्यापुढे फेकलं.

मी उलगडलं. गर्द हिरवं! माझ्या तोंडून आनंदाचा हुंकार निघाला. मग पलटलं, तर काळं. पुन्हा पलटलं, हिरवं. मधे नीट शिवण.

"हे काय?"

"हिरवं पुरलं नाही," मॅडम साकी म्हणाल्या. "बाई उंच आहेत आणि देवाने रुंदीतही हात आखडता घेतलेला नाही. दुसऱ्या एका नाटकातलं त्याच नक्षीचं काळं उरलं होतं, ते मागे जोडलं. कॅमेऱ्याला काय कळतंय? रंगीत कॅमेरा फक्त बातम्यांच्या खोलीत. आमचा जुनाच."

"म्हणजे रंगीत टीव्हीवरही..."

"राखाडीच दिसलं असेल."

"पण मॅडम," मी अगदी काकुळतीला आलो, "दारात कोण आहे? वकील जिवंत आहे की नाही?"

त्यांनी दोरा दातांनी तोडला. "लेखकाला विचारा. पण तोच रोज येऊन मला विचारतो, मावशी, पुढे काय करू?"

परतीच्या बसमध्ये माझी जी अवस्था झाली ती मी अराबालाही कधी धड सांगितली नाही. एवढा खटाटोप केला आणि हाती काय, तर निम्मं हो आणि निम्मं नाही. विनेबाला बस थांबली तेव्हा मी ठरवलं, सरळ हिरवं सांगायचं, म्हातारीला बरं वाटेल. मँकेसिमला ठरवलं, काळं सांगायचं, बिचारी एकदाची सुटेल. उतरलो तेव्हा काहीच ठरलेलं नव्हतं.

अंगणात सगळे वाटच बघत होते. मामे उंबऱ्यावर. तिच्याकडे बघितलं आणि मला खोटं बोलता येईना. जे होतं ते सगळं सांगितलं, पडदे वगळून. मी थांबायच्या आत आंटी गरजल्या, "काळं! मी म्हणत नव्हते?" मास्तर तडकले, "समोरून हिरवं आहे, आंटी! माणसाची बाजू समोरून धरतात!" दोघं हमरीतुमरीवर आली. मामेने हात वर केला तशी गप्प झाली.

"नीट सांग, कोबिना," ती म्हणाली. "दारातून येणाऱ्याला काय दिसेल?"

"हिरवं, मामे."

"आणि पाठमोरी झाली की?"

"काळं."

मामेने मांडीवरच्या शेंगा बाजूला ठेवल्या. "मग बरोबर आहे की," ती म्हणाली. "बावीस वर्षं मीही तेच नेसून बसलेय."

 आंटी क्वान्सिमांनी पदराच्या टोकाने डोळे पुसले. 

थोड्या वेळाने मामेने मास्तरांना विचारलं, "चर्चची मोठी घंटा बोटीतून आली, ते कुठलं साल?" मास्तरांना अशी सालं तोंडपाठ. त्यांनी सांगितलं. "बुदू त्या आठवड्यात जन्मला," मामे म्हणाली. "आता किती वर्षांचा झाला?"

मास्तरांनी वहीच्या कोऱ्या पानावर मांडून बघितलं. "ऐंशी, मामे. गेल्या महिन्यात ऐंशी पूर्ण."

"ऐंशीचा माणूस गेला तर काळं नेसून कुणी छाती बडवत नाही. भरल्या आयुष्याने गेला म्हणून पांढरं नेसतात."  "बुडाला असेल, तिकडे दुसरी केली असेल, त्याचं त्याला ठाऊक. मी त्याला ऐंशीपर्यंत जगवलाय. आता जाऊ दे त्याला. कुळवाल्यांना सांगा, हो म्हणून. पण काळं नेसून कुणी माझ्या अंगणात पाऊल टाकायचं नाही."

कुळाचे प्रमुख दोन दिवस धुमसले. बुडालेल्या माणसासाठी पांढरं कसं, हा त्यांचा मुद्दा. "बुडालेला तुम्ही बघितलात का?" मामेने विचारलं. त्यांनी नव्हता बघितला. तिसऱ्या दिवशी ते तयार झाले. आमच्याकडे अंत्यविधी शनिवारी असतो. मांडव, खुर्च्या, ढोलवाले, सगळ्यांची सोय होऊन शनिवार ठरला तो महिनाअखेरीनंतरचा तिसरा.

काय शनिवार होता तो! आंटींनी दुकानातलं सगळं पांढरं कापड आणलं. सगळं अंगण पांढरं. अराबाही पांढऱ्यात सुरेख दिसत होती, आणि मी तिला तसं सांगितलं तर "आत्ता दिसले का मी?" म्हणाली. मास्तरांनी एग्या बुदूवर भाषण केलं. ते त्याला कधी भेटले नव्हते, तरी तासभर बोलले. मामे मधोमध खुर्चीत बसली होती आणि ढोल चढला तेव्हा उठून नाचलीसुद्धा, हळूहळू, हात हवेत धरून, समोर कुणी असल्यासारखी. कुळाचे प्रमुख काठी टाकून तिच्याबरोबर दोन पावलं नाचले.

दिवस कलला आणि पावणेसातच्या सुमाराला माझ्या लक्षात आलं की लोक गप्प व्हायला लागलेत. एकेकाची मान माझ्या खिडकीकडे वळत होती. फुटबॉल संपला होता. पंधरा मिनिटांत 'बंद खिडकी'चा बारावा भाग. आंटी क्वान्सिमा माझ्याकडे बघत होत्या, मास्तर वहीकडे बघत होते. विचारायची हिंमत कुणाची होईना. शेवटी अराबाच मामेच्या खुर्चीपाशी वाकली.

"मामे, थोडा वेळ लावू का? दारात कोण आहे, ते तुम्हालाही कळेल."

मामेने तिच्या गालावर हात ठेवला. "आज माझ्या नवऱ्याचा दिवस आहे, पोरी," ती म्हणाली. "त्या बाईला तिचं दार उघडू दे. आपण कशाला वाकून बघायचं?"

मास्तरांनी वही मिटली. ढोलवाल्यांना कुणीतरी खूण केली. आम्ही टीव्ही लावला नाही.